चाखणं म्हणजे खाणं नव्हे

२४ नोव्हेंबर, सोमवार

पूर्णिमा मॅडमनी, म्हणजे आमच्या साखरेच्या डॉक्टरांनी, रोज सकाळी साखर मोजून लिहून ठेवायला सांगितलीय. नुसते आकडे लिहायला मी काय वजनकाटा आहे? लिहायचंच तर सगळं लिहीन. पतसंस्थेने दिलेली गेल्या वर्षीची डायरी कोरी पडली होती, तीच काढली. छापलेल्या तारखा खोडून नव्या घालतोय.

ही चोरून बायको वाचणार, ते मला माहीत आहे. विजयमाला, वाच खुशाल, पण मग मध्ये बोलायचं नाही.

तर आज रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा नऊच्या पुढे. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बोत्रेकाका, गोड खाता का?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मॅडम, चहासुद्धा बिनसाखरेचा. लग्नात जिलबीचं ताट नाकासमोरून गेलं तरी मी मान वळवत नाही." यात एक अक्षर खोटं नाही. त्यांनी गोळी वाढवली. सकाळची जास्त ताकदीची, शिवाय संध्याकाळी आणखी एक. गोळी घेतली की वेळेवर खायचं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, इतकी वर्षं साखर चढी राहिली की नुसते पाय आणि डोळे जात नाहीत, डोक्यावरही परिणाम होतो. "हल्ली विसरायला होतं का?"

"कुणाला होत नाही?" मी म्हणालो. पण घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आमचे थोरले बंधू दत्तूअण्णा शेवटची चार वर्षं खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. पोटच्या मुलाला "आपण कुठल्या गावचे?" म्हणून विचारायचे. मला मरणाची भीती नाही, खरंच नाही. त्या खुर्चीची आहे.

रिक्षात एक विचार आला. मार्केट यार्डात मी गुळाचा आडत्या, चाळीस वर्षं गूळ चाखून भाव ठरवतोय. गाडी उतरली, ढेप फोडली, खडा जिभेवर. पुढची ढेप, पुढचा खडा. हंगामात सकाळभर हेच. आता हे काही खाणं नव्हे, हे काम आहे. सोनार सोनं कसोटीवर घासतो म्हणजे काय दागिना घालून मिरवतो? तरीपण ठरवलं, तेही बंद. उद्यापासून जीभ बंद, डोळे आणि नाक चालू.

कुणाला सांगितलं नाही. जे कधी खाल्लंच नाही ते सोडलं, असं सांगायचं तरी कसं?

२६ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस न चाखता लिलाव केला. रंग पाहिला, ढेप फोडून कणी पाहिली, हुंगली, नखाने खरवडली. झालं! इतकी वर्षं जिभेचे उगाच लाड केले म्हणायचे.

शेजारच्या गाळ्यातला सिराज, खजूर आणि सुक्या मेव्याचा व्यापारी, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आणि पन्नास वर्षांनी आगाऊ, दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "काय शेठ, आज ढेपेचा नुसता मुका घेताय?"

"तुझा धंदा बघ," मी म्हणालो.

सून हसली. प्रियदर्शनी दोन वर्षांपूर्वी बँकेची नोकरी सोडून गाळ्यावर हिशेबाला बसायला लागली. आमचे चिरंजीव केयूर हिंजवडीला जातात. कंपनीच्या बसमध्ये आयुष्याचे निम्मे दिवस काढतात आणि गूळ म्हटलं की हात धुतात. सुनेला मात्र गुळाचा वास आवडतो. पोरगी हुशार आहे, पण अजून तिला ढेपेतलं फारसं कळत नाही. कळेल.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळची साखर ब्याण्णव. ब्याण्णव! विजयमालाला उठवून दाखवली. ती म्हणाली, "अहो, झोपू द्या."

आता सुरुवात झालीच आहे तर नीट करायची. सकाळचे पोहे बंद केले. गोळी घ्यायची, बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि थेट यार्डात चालत जायचं. विजयमाला डबा घेऊन मागे लागते. मी सांगितलं, मन खंबीर असलं की पोट गप्प बसतं.

अकराच्या सुमाराला गाळ्यावर फार उकडतं हल्ली. नोव्हेंबर संपला तरी सदरा भिजतो. पत्रे बदलायला हवेत. आज तोलणाऱ्यावर विनाकारण ओरडलो. म्हणजे कारण होतं, आता आठवत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

एकाहत्तर! माझं वय एकाहत्तर आणि साखरही एकाहत्तर. जेवायला बसल्यावर निवडणुकीचा निकाल सांगावा तसं सांगितलं. केयूर मोबाइलवरून मान न काढता म्हणाला, "बाबा, ग्रेट, पण जरा लो नाही का हे?" यांना नऊ झाली तरी काळजी, एकाहत्तर झाली तरी काळजी. मी म्हणालो, परीक्षेत कमी मार्क पडले की तू रडायचास, इथे कमी म्हणजे चांगलं असतं.

बाकी दिवस खराब. लिलावात दोन व्यापाऱ्यांनी संगनमत करून मला बनवायचा प्रयत्न केला. एकच माल दोघांनी घेतला म्हणतात. मी म्हणे एकाला पुकारून दिला आणि पाच मिनिटांत तोच माल दुसऱ्याला पुकारला. चाळीस वर्षांत असं कधी झालंय? मी दोघांना चांगलंच सुनावलं. प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "बाबा, खरंच दोनदा पुकारला." ही पण त्यांच्यात सामील. हात थरथरत होते, तोंडाला कोरड पडली होती. रागाने होतं तसं.

सिराज आला आणि माझ्या हातात तीन खजूर कोंबले. "शेठ, आधी हे खा. मग भांडा."

मी खजूर टेबलावर आपटले. म्हणालो, माझा निश्चय मोडायला आलास का? तो शांतपणे म्हणाला, "माझी बायको नसीम, तिलाही साखर आहे, तिचं रोज्यात असंच होतं. घाम, थरथर आणि माझ्यावर राग. डॉक्टर रमजानच्या आधीच तिच्या गोळ्या बदलून देतात. तुम्ही पण विचारा."

"मी रोजा धरलेला नाही, अक्कल धरलेली आहे," मी म्हणालो. चांगलं उत्तर सुचलं. सिराज खजूर उचलून गेला. संध्याकाळपर्यंत बोलला नाही, आणि मला करमलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आजचं लिहू की नको, असं झालंय. पण सगळं लिहायचं ठरवलंय.

लोणावळ्याचा चिक्कीवाला, आमचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, सगळ्या यार्डासमोर ओरडला. परवा एक नंबर म्हणून दिलेला माल खारट निघाला. त्याचा अख्खा घाणा वाया गेला. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ दिसायला राजबिंडा असतो, सोनेरी, कणीदार. खारटपणा जिभेशिवाय कळत नाही, हे मी स्वतः चार पिढ्यांच्या व्यापाऱ्यांना शिकवलंय. माल परत घेतला. मान खाली घालून घेतला. डोळ्यांनी फसवलं. पण एकदा फसलो म्हणून व्रत मोडायचं नाही.

डोकं भणभणलं होतं. जेवणाच्या आधीच निघालो, बिबवेवाडीपर्यंत चालत. घरी पोचलो, बेल वाजवली, तर दार एका अनोळखी बाईने उघडलं. मी विचारलं, "तुम्ही आमच्या घरात काय करताय?" ती म्हणाली, "आजोबा, हे आमचं घर आहे." मी ऐकेना. मी म्हणालो, पोलिसांना बोलावतो. माझा आवाज मला लांबून येत होता. ती बाई मोठ्या मनाची. तिने मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. चहात दोन चमचे तरी साखर होती. भिडेपोटी सगळा प्यालो. थोड्या वेळाने भिंतीकडे बघितलं, तर तिथे भलत्याच लोकांचे फोटो होते. मग सगळं लख्ख आठवलं. आमची इमारत मागच्या गल्लीत. मी हात जोडले, माफी मागितली. ती दारापर्यंत सोडायला आली.

जिन्यात बसून मी रडलो. लिहिलं, झालं.

साखरेचा चहा प्यालो ते विजयमालाला सांगणार नाही. गल्ली चुकलो तेही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सांगायची गरजच उरली नाही. त्या बाईंचा भाऊ केयूरबरोबर कॉलेजात होता. पुण्यात कोण कुणाचं निघेल, सांगता येत नाही.

आज दुपारी घरी सभा भरली. मी आरोपी. केयूर नीट बोलला, हे कबूल करतो. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाबा, दत्तूकाकांचं असंच सुरू झालं होतं. त्यांनीही आधी माल दोनदा विकला, मग घर चुकले. मला तुमच्या बाबतीत उशीर करायचा नाही. संक्रांत झाली की गाळा बंद करू. भाड्याने देऊ. तुम्ही घरी आराम करा."

आराम म्हणजे काय ते मला माहीत आहे. खिडकीपाशी खुर्ची.

विजयमाला पदर डोळ्याला लावून बसली होती. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, ही माझ्याशी भांडताना कधी रडली नाही, आज न भांडता रडली. त्याने मी हललो. मला स्वतःची भीती वाटते ती वेगळी, पण हिने माझ्याकडे असं बघितलेलं मला सहन होत नाही. दत्तूअण्णांकडे वहिनी बघायच्या तसं.

मी सौदा केला. आडत्या आहे मी. म्हणालो, डोक्याची तपासणी करा. नापास झालो तर संक्रांतीची वाटही बघायची नाही, दुसऱ्या दिवशी किल्ली केयूरच्या हातात देतो. पास झालो तर संक्रांतीचा लिलाव माझा आणि गाळ्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. केयूरने हात पुढे केला. मी हातावर हात मारला. पास होणारच. शंभरातून सात वजा करायला सांगतात म्हणे. आडत्याला!

सकाळची साखर अडुसष्ट. निदान इथे तरी मी कुणाला हार जाणार नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते निम्मं मला आठवतंय आणि निम्मं प्रियदर्शनीने सांगितलंय. ती सांगतेय आणि मी लिहितोय, असं समजावं.

तपासणी पूर्णिमा मॅडमच करणार होत्या. त्याआधी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं, म्हणून घरून काही न खाता निघालो. गोळी मात्र वेळेवर घेतली. नियम म्हणजे नियम. रक्त दिलं, पण मॅडमच्या दारात ही गर्दी. विजयमालाने डब्यात उपमा आणला होता. मी म्हणालो, परीक्षा झाल्यावर. भरल्या पोटी डोकं जड होतं.

आत गेल्यावर मॅडमनी पाच शब्द सांगितले. घर, बैल, पेरू, चाक, नदी. थोड्या वेळाने विचारीन, म्हणाल्या. मग शंभरातून सात. त्र्याण्णव. त्र्याण्णवातून सात? मी म्हणे म्हणालो, "कोणत्या मालाचे?" मग घड्याळ काढायला सांगितलं. मी गोल काढला आणि सगळे आकडे उजव्या बाजूला एकावर एक रचले, पोती रचावीत तसे. केयूर तोंड फिरवून उभा राहिला. मला घड्याळ अगदी बरोबर वाटत होतं. घाम मात्र हनुवटीवरून कागदावर पडत होता.

मॅडमनी पेन काढून घेतलं, माझं बोट धरलं आणि सुई टोचली. आकडा बघून खुर्चीवरून उठल्याच. त्रेचाळीस. ग्लुकोजचं पाणी पाजलं. मग विजयमालाने लहान मुलाला भरवावा तसा उपमा भरवला. मी खाल्ला, तक्रार न करता. यावरून काय ते समजावं.

थोड्या वेळाने डोळ्यांपुढचं धुकं निघून गेलं. दुसरा शब्द नाही त्याला. मॅडमनी नवा कोरा कागद दिला. मी म्हणालो, "घड्याळ कसलं काढू, भिंतीवरचं की मनगटावरचं?" बारा वर, सहा खाली, सगळं जागच्या जागी. केयूरने तो कागद उचलून हातात धरला. त्याचे डोळे भरले होते. माझा मुलगा माझ्यासाठी इतका घाबरला होता, हे मला घड्याळामुळे कळलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, मेंदूला साखर साठवून ठेवता येत नाही. रक्तातली संपली की तो बंद पडतो. लोकांना वाटतं म्हातारचळ. या वयात एकाहत्तर, अडुसष्ट ही शाबासकी नाही, घसरगुंडी आहे. असं वारंवार झालं तर मेंदूला कायमचं नुकसान होतं. मला हे कळत नाही की मी दिलेल्या गोळीने एवढी कशी उतरली. तुम्ही काय बदललंत?"

"काही नाही," मी म्हणालो. "पोहे सोडले, बस."

तेव्हा सून बोलली. "मॅडम, बाबा गूळ चाखायचे. ते बंद केलंय त्यांनी. नोव्हेंबरपासून."

"चाखायचे म्हणजे?"

"लिलावात. प्रत्येक ढेपेचा खडा. दिवसाला मूठभर तरी होत असेल. जास्तच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही मला म्हणालात, चहासुद्धा बिनसाखरेचा."

"बिनसाखरेचाच आहे," मी म्हणालो. "मॅडम, चाखणं म्हणजे खाणं नव्हे. ते काम आहे."

विजयमाला आधी हसली की आधी रडली, सांगता येणार नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मग त्यासुद्धा हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी मूठभर गुळावर मात करणारी गोळी दिली आणि तुम्ही त्याच दिवशी गूळ सोडलात. वर उपाशी राहिलात. काका, शत्रू पळून गेला आणि तुम्ही घरावरच तोफा डागताय."

गोळ्या कमी केल्या. सकाळचा नाश्ता सक्तीचा. खिशात खडीसाखर ठेवायची, घाम आला की आधी तोंडात टाकायची आणि मग विचार करायचा. मी विचारलं, चाखायचं का पुन्हा? त्या म्हणाल्या, चाखा आणि थुंका. गूळ थुंकायचा? मी म्हणालो, मॅडम, लक्ष्मी आहे ती आमची. नाही जमणार.

शेवटी मी विचारलं, पास की नापास? त्या म्हणाल्या, आजचा पेपर रद्द. नव्या वर्षात पुन्हा घेऊ, पोटभर जेवल्यावर.

२० डिसेंबर, शनिवार

सिराजकडे गेलो. म्हणालो, तू बरोबर होतास. तो म्हणाला, "काय? मोठ्याने बोला शेठ, गाळ्यात आवाज फार आहे." तीन वेळा म्हणायला लावलं नालायकाने. मग खजूर दिला. एकच दिला, मोजून मापून.

विजयमालाने आज पोह्यांवर शेव घातली. मी शेव बाजूला काढली, तर म्हणाली, "पुन्हा सुरू झालं का तुमचं?" खाल्ली.

२ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा पेपर झाला. शंभरातून सात शून्याच्या जवळ जाईपर्यंत वजा केले, मॅडमनी थांबवलं तेव्हा थांबलो. घड्याळ फक्कड. प्राण्यांची नावं सांगायची होती, तेव्हा मी बैलाच्याच चार जाती सांगितल्या.

पण पाच शब्द. नवे होते. तीन आठवले. दोन आठवेनात. साखर मोजली, एकशे चाळीस. मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "काका, घोटाळा झाला होता तो साखर उतरल्यामुळे. तो गेला. पण थोडं विसरणं खरं आहे. ते वर्षानुवर्षांच्या चढ्या साखरेचंही असेल, वयाचंही असेल. हे असंच राहील किंवा हळूहळू वाढेल. साखर ना फार वर ना फार खाली, चालणं, माणसांत राहणं, हे आपल्या हातात. लक्ष ठेवू."

केयूर म्हणाला, "बाबा, मी पास धरतो." मी म्हणालो, "ग्रेस मार्क देऊ नकोस." पण लिलाव माझा. गाळा माझा. हातावर हात मारलेला आहे.

घरी येताना मीच म्हणालो, दोनच तर शब्द गेलेत, त्यांच्याविना अडतंय कुणाचं?

५ जानेवारी, सोमवार

यार्ड भरलंय. तिळगुळाची खरेदी, चिक्कीचा गूळ, गाड्यांची रांग. सकाळी खाऊन येतो. अकराला घाम नाही, राग नाही. पत्रे बदलायची गरज नाही असं दिसतं.

मी चाखत नाही, पण खारट माल पुन्हा जायला नको. प्रियदर्शनी गेले जवळजवळ चार आठवडे माझ्यामागे गुपचूप चाखत होती, म्हणाली. चिक्कीवाला ओरडून गेल्यापासून. मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? "तुम्ही बोलू द्याल असं वाटलं नाही." हेही खरंच. तिला समोर बसवून चार ढेपा चाखायला लावल्या. खारट अचूक सांगितली. चुना जास्त पडलेलीही सांगितली. आता ती चाखते, मी पुकारतो. तिची जीभ, माझा आवाज. ती मात्र चूळ भरून टाकते. लक्ष्मी आहे, म्हणालो. ती म्हणाली, "लक्ष्मीला चालेल बाबा, तिला डायबेटिस कळतो."

शेजारच्या गाळ्यात सिराज म्हणून एक आहे, खजूर आणि सुक्या मेव्याचा व्यापारी, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आणि पन्नास वर्षांनी आगाऊ. तो म्हणाला, "शेठ, आता गाळ्याला बरकत येणार."

९ जानेवारी, शुक्रवार

आज संक्रांतीचा लिलाव, हंगामातला सगळ्यात मोठा. चिक्कीवालाही आला होता, मुद्दाम, बघायला. मी गादीवर बसलो. आवाज चांगला लागला होता.

चौथ्या मालाला एक शेतकरी पुढे आला. दौंडकडचा. त्याचं गुऱ्हाळ मी पाहिलेलं आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात जेवलोय, तीस वर्षं त्याचा माल माझ्याच गाळ्यावर उतरतो. पावती करायची होती. प्रियदर्शनीने पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. नाव आलं नाही. त्याचा चेहरा समोर, मिशी, टोपी, डाव्या हाताचं तुटकं बोट, सगळं ओळखीचं. नावाच्या जागी काही नाही. तो हसत उभा होता, मी नाव घेईन म्हणून.

मी सगळ्यांसमोर खिशातून यंत्र काढलं आणि बोट टोचलं. एकशे बत्तीस. म्हणजे साखर नाही. घाम नाही, थरथर नाही, डोकं स्वच्छ. हे माझंच विसरणं.

पण त्याच वेळी एक गोष्टही कळली. धुक्यात असताना मी सगळ्यांशी भांडत होतो, एकच माल दोनदा विकत होतो, आणि मला सगळं बरोबर वाटत होतं. आता मला माझी चूक दिसतेय. ती दिसतेय तोवरच काय ते ठरवलं पाहिजे. नंतर ठरवायला मी उरणार नाही, दुसरे ठरवतील.

मी त्या माणसाचा हात धरला. म्हणालो, "भाऊ, तुमचं नाव विसरलो. राग मानू नका." तो म्हणाला, "शेठ, मी तर बायकोचं पण इसरतो. मी नागोराव." आणि दोघं हसलो.

मग मी गादीवरून उठलो. प्रियदर्शनीला म्हणालो, "बस. पुढचा माल तू पुकार."

ती घाबरली. "बाबा, मी? आज? एवढ्या सगळ्यांसमोर?"

"आजच. मी शेजारी आहे. अडलीस तर सांगीन."

ती बसली. पहिला आकडा पुकारला तेव्हा आवाज फाटला. मागून कुणीतरी हसलं. सिराजने त्याच्याकडे बघितलं, मग तो हसायचा थांबला. दुसऱ्याला आवाज जरा सुधारला. चौथ्याला यार्डाच्या टोकापर्यंत गेला. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. चिक्कीवाल्याने तिच्या सांगण्यावर न चाखता माल उचलला. मी मध्ये बोललो नाही. एकदा तोंड उघडलं होतं, मिटलं.

केयूरला फोन केला. तो बसमध्ये होता, आजूबाजूला हॉर्न. म्हणालो, गाळा बंद होणार नाही. मालक बदललाय. तो म्हणाला, कोण? मी म्हणालो, तुझी बायको. त्याने बसमधल्या कुणाला तरी हळू बोलायला सांगितलं. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वतः ठरवलंत?"

"स्वतः," मी म्हणालो. "पोटभर नाश्ता करून."

संध्याकाळी इथवर लिहून ठेवलेलं विजयमालाने वाचलं असणार, कारण जेवताना तिने माझा हात उगाच धरून ठेवला. मी सांगितलं होतं, मध्ये बोलायचं नाही. बोलली नाही.

आत्ता लिहिताना पुन्हा त्या शेतकऱ्याच्या नावाशी अडलो. वर लिहिलंय तरी चाचपडलो. प्रियदर्शनीला हाक मारून विचारलं. तिने सांगितलं. मी तिला बजावलंय, दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा सांगायचं, कंटाळायचं नाही. ती हो म्हणाली आणि उद्याच्या मालाची तयारी करायला गेली.

नागोराव.